सावलीवरून वेळ सांगणारी माणसं

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)

दुपारची भांडी आवरून, हातात निवडायचं सूप घेऊन तुम्ही ऐकत असाल असं धरून बोलते.

मी निवृत्त शिक्षिका. माझं माहेर मुरबाडकडचं, सासर कल्याणचं. आज मी सूर्यघड्याळाविषयी बोलणार आहे. त्याहीपेक्षा, सावलीवरून वेळ कशी काढायची हे ज्यांनी फार पूर्वी लिहून ठेवलं, त्या माणसांविषयी. ती कोण होती, कुठल्या गावची, कुणाची मुलं, हे आपल्याला कसं कळलं? आणि तुमच्याआमच्यासारख्या बायकांना त्याचं काय? तेही शेवटी सांगते.

माझ्या आजीकडे घड्याळ नव्हतं. ती अंगणात उभी राहायची, आपल्या सावलीचं टोक कुठे पडतंय ते बघायची आणि तिथपर्यंत पावलाला पाऊल लावून मोजत जायची. मग सांगायची, "अजून दोन घटका आहेत, भाकऱ्या थापायला घे." तिचा अंदाज क्वचितच चुकायचा. किती पावलांना किती घटका, हे तिच्या तोंडी होतं आणि महिन्याप्रमाणे ते बदलत असे. ते मी तिला कधी नीट विचारलं नाही. मी शाळेत जाणारी, मनगटावर घड्याळ बांधायची स्वप्नं बघणारी मुलगी. आजी गेली आणि तो हिशेब तिच्याबरोबर गेला.

महिन्याप्रमाणे का बदलायचा, ते मला फार पुढे समजलं. आपली सावली आपल्याएवढीच लांब कधी होते? आपल्या ठाणे-कल्याण भागात मार्चच्या एकवीस तारखेच्या सुमाराला ती दुपारी साडेतीनच्या आसपास होते. पण डिसेंबरच्या शेवटी सूर्य दक्षिणेला गेलेला असतो, उन्हं तिरपी असतात. तेव्हा तीच सावली दीडच्या सुमारालाच आपल्याएवढी होते. म्हणजे सावली तेवढीच आणि वेळेत दोन तासांचा फरक. सूर्यघड्याळावर ज्यांनी ग्रंथ लिहिले, त्यांनी हाच फरक कोष्टकांत बसवला. आजीनं तो डोक्यात बसवला होता.

आता दुसरी गोष्ट सांगते. ती माझ्याच हातून घडलेली आहे आणि सांगायला मला लाज वाटते.

कल्याणचं आमचं जुनं घर पाडून तिथे इमारत उठायची होती. माळ्यावर लाल फडक्यात बांधलेलं पोथ्यांचं गाठोडं होतं. सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळचं, असं सासूबाई म्हणायच्या. कागद ठिसूळ झालेले, कडा कसरीनं खाल्लेल्या. नव्या घरात जागा थोडी. पोथी कचऱ्यात टाकायची नाही एवढं आम्हाला कळत होतं. म्हणून हळदकुंकू वाहून, नमस्कार करून मी स्वतः ते गाठोडं खाडीत सोडलं. त्याआधी एक पोथी उघडून पाहिली होती. मध्ये वर्तुळं आणि चौकटी होत्या, आकडे होते. शेवटच्या पानावर शक लिहिलेला होता, एका गावाचं नाव होतं आणि लिहिणाऱ्याचं नाव होतं. मी ते वाचून काढलं नाही. घाई होती, सामानाचा टेम्पो खाली उभा होता.

पुढे निवृत्त झाल्यावर वाचनालयात जायला लागले. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. ही दोन्ही आपल्या जिल्ह्यातली आणि दोन्ही शंभरीच्या पुढची. एक दिवस एक जाडजूड पुस्तक हाती आलं. नाव, भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास. लेखक शंकर बाळकृष्ण दीक्षित. छापलेलं १८९६ साली. ते वाचताना मला कळलं की ज्या शेवटच्या पानाकडे मी दुर्लक्ष केलं, त्याच पानांवरून या माणसानं शेकडो विसरलेल्या लोकांची चरित्रं उभी केली होती.

दीक्षितांची ओळख करून देते. ते मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे. जन्म १८५३ सालच्या जुलै महिन्यातला. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे अशी आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी धावली होती. दुसऱ्या वर्षी ती कल्याणपर्यंत आली. दीक्षित मॅट्रिक झाले आणि पुढे शिक्षक झाले. आधी रेवदंड्याच्या मराठी शाळेत हेडमास्तर. मग १८८० ते १८८२ आपल्या ठाण्याच्या मराठी शाळेत. नंतर बार्शी, धुळे, पुणे. नोकरी बदलीची, पगार मास्तरांचा. कॉलेजची पदवी नाही. पण सुटीत आणि रात्री हा माणूस पोथ्या वाचायचा, आकडेमोड करायचा, गावोगावच्या जोशांकडे चौकशी करायचा.

ते ठाण्यात होते तेव्हाचा काळ तरी कसा होता बघा. घड्याळांचंच भांडण चाललेलं. ठाण्याच्या माणसाला दुपार कळायची ती डोक्यावरच्या सूर्यावरून. रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर. मद्रास पूर्वेला, तिथे सूर्य आधी माथ्यावर येतो. म्हणून ठाण्यात बरोबर मध्यान्ह झाली की स्टेशनावरच्या घड्याळात साडेबाराच्या जवळ वाजलेले असायचे. १८८१ साली मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावायचा हुकूम काढला. मुंबईकरांनी विरोध केला आणि पुढे तो हुकूम मागे घ्यावा लागला. आजही तुमच्या मोबाईलमधली वेळ आणि अंगणातला सूर्य एक नसतात. आपल्याकडे सूर्य सरासरी बारा वाजून अडतीस मिनिटांनी माथ्यावर येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा बावीसच्या आसपास, फेब्रुवारीत बारा बावन्नच्या आसपास. कारण भारताची प्रमाणवेळ आपल्या गावाची नाही, ती पूर्वेकडच्या, अलाहाबादजवळून जाणाऱ्या रेषेची आहे.

दीक्षितांचं पुस्तक झालं कसं? दक्षिणा प्राइज कमिटीनं पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ लिहिणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं होतं. दीक्षितांनी लिहायला घेतलं आणि काम वाढत गेलं. वेदांपासून आपल्या काळापर्यंत ज्यांनी ज्यांनी आकाशावर, पंचांगावर, यंत्रांवर लिहिलं, त्या प्रत्येकाचं गाव, काळ, वडील, ग्रंथ त्यांनी शोधले. त्यात सावलीची आणि वेळेची यंत्रं सांगणारेही आले.

ते शोधायचे कसे, ते आपण समजून घेऊ. आपल्या गावाचा किंवा आपल्या गटाचा इतिहास लिहायचा झाला तर हीच रीत उपयोगी पडेल.

पहिली जागा, ग्रंथाचं शेवटचं पान. जुने लेखक ग्रंथ संपवताना सांगायचे, मी अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, अमक्या शकात हे लिहिलं. भास्कराचार्यांचंच घ्या. त्यांनी स्वतः लिहून ठेवलं की आपला जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ रचला. म्हणून आपण आज ठामपणे म्हणतो, जन्म इसवी सन १११४, ग्रंथ ११५०. त्या ग्रंथात यंत्रांचं एक प्रकरण आहे. उभी खुंटी म्हणजे शंकू, गोल चक्र, अर्धं चक्र म्हणजे चाप, पाव चक्र म्हणजे तुर्य, फळी म्हणजे फलक, पाण्यात बुडणारं घटिकापात्र, अशी यंत्रं सांगितली आहेत. आणि सगळ्यांत मोठं यंत्र कुठलं, तर बुद्धी. काठी आणि बुद्धी असेल तर बाकीचं जमतं, असा त्याचा अर्थ.

दुसरी जागा, दगड. चाळीसगावजवळ पाटण म्हणून गाव आहे. तिथल्या देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा हा लेख, शके ११२८ चा. वरचा भाग संस्कृतात, खालचा जुन्या मराठीत. मठाचा खर्च चालायचा कसा, ते त्या मराठी भागात आहे. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल मठाला द्यायचं, अशा तरतुदी त्यात आहेत. मला हे फार आवडतं. आठशे वर्षांपूर्वी गणित शिकणाऱ्या मुलांच्या दिव्यात जळणारं तेल गावच्या घाण्यातून येत होतं. घाण्यावर तीळ, करडई साफ करून देणाऱ्या बायका असतीलच की.

त्याच दगडावर भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. त्रिविक्रमापासून सुरू होते, मग महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव. सगळे बाप आणि मुलगे. आई नाही, बायको नाही, मुलगी नाही.

तुम्ही म्हणाल, भास्कराचार्यांची मुलगी लीलावती तर सगळ्यांना ठाऊक आहे! तिच्या लग्नाची घटका साधायला पाण्यात भोक पाडलेली वाटी ठेवली, ती वाकून बघायला गेली, तिच्या दागिन्यातला मोती वाटीत पडून भोक बुजलं, मुहूर्त टळला आणि मग बापानं तिच्या नावानं गणिताचं पुस्तक लिहिलं. ही गोष्ट मीही वर्गात रंगवून सांगितली आहे. पण ती भास्कराचार्यांनी लिहिलेली नाही. ती पहिल्यांदा भेटते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनंतर. बघा, दगडावर मुलीचं नाव कोरलं गेलं नाही, आणि लोकांनी तिच्यासाठी गोष्ट रचली. तीसुद्धा तिच्याकडून मुहूर्त चुकल्याची! संशोधन करताना गोष्ट ऐकायची, जपायची, पण ती गोष्ट आहे हे सांगायचं.

तिसरी जागा, लेखकाचं गाव आणि तिथली तोंडी परंपरा. आता मी आपल्या कोकणातल्या माणसाकडे येते. गणेश दैवज्ञ. अलिबागहून मुरूड-जंजिऱ्याकडे जाताना वाटेत नांदगाव लागतं. समुद्राच्या काठी, गणपतीचं देऊळ असलेलं. गणेश दैवज्ञ तिथले. जन्म १५०७ चा. १५२० साली त्यांनी ग्रहलाघव नावाचा ग्रंथ लिहिला. म्हणजे तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. अवघड गणिताची वाट टाळून, साध्या गुणाकार-भागाकारानं ग्रह कसे काढायचे, हे त्यात आहे. पुढे शेकडो वर्षं गावोगावचे जोशी त्यावरून पंचांग करत होते. आपल्या आज्या-पणज्यांच्या लग्नतिथी, श्राद्धतिथी, एकादश्या या मुलाच्या ग्रंथावरून निघाल्या आहेत.

त्यांचे वडील केशव हेही मोठे ज्योतिषी. आकाशात प्रत्यक्ष बघून, गणिताशी ताळा करून घेणारे. त्यांच्याविषयी लोक एक गोष्ट सांगत. केशवांनी सांगितलेली ग्रहणाची वेळ चुकली, जंजिऱ्याच्या अधिकाऱ्यानं थट्टा केली. ती मनाला लागून ते नांदगावच्या गणपतीपुढे बसले. तेव्हा देवानं स्वप्नात सांगितलं, तुझ्या वयाला आता हे काम होणार नाही, मीच तुझ्या पोटी येऊन ते पुरं करीन. म्हणून मुलाचं नाव गणेश. दीक्षितांनी ही आख्यायिका टाकून दिली नाही. नोंदवली, पण आख्यायिका म्हणूनच. रेवदंड्याला ते शिक्षक होते, तिथून नांदगाव फार लांब नाही. त्या भागात वावरल्याचा त्यांना उपयोग झालाच असणार.

नंदिग्राम हे गाव कुठलं, यावर मतं वेगळी पडली. काही अभ्यासकांनी ते गुजरातमधलं नांदोद मानलं. नावं सारखी असली की असा घोटाळा होतो. आपल्या जिल्ह्यात एकाच नावाच्या वाड्या आणि पाडे किती! मग नुसतं नाव धरून चालत नाही, नावाबरोबर आणखी काय सांगितलंय ते बघावं लागतं. हे गाव पश्चिम समुद्राच्या काठचं आहे. नांदोद समुद्रकाठी नाही, नांदगाव आहे. दीक्षितांनी नांदगाव मानलं, ते मला पटतं.

गाव ओळखायची आणखी एक खूण आहे, आणि ती सावलीतच आहे. बारा अंगुळांची खुंटी उभी करायची. ज्या दिवशी दिवसरात्र सारखी असते, त्या दिवशी भर मध्यान्ही तिची सावली मोजायची. तिला पलभा म्हणतात. प्रत्येक गावाची पलभा वेगळी. ठाण्याची चार अंगुळांहून थोडी जास्त. उज्जैनची पाचाहून थोडी जास्त. काशीची पावणेसहाच्या आसपास. जितकं उत्तरेला जावं तितकी सावली लांब. जुन्या लेखकानं आपल्या गावची पलभा दिली असेल, तर गावाचं नाव पुसलं गेलं तरी ते साधारण कुठल्या पट्ट्यातलं, हे सांगता येतं.

या गणेश दैवज्ञांनी सूर्यघड्याळावरही लिहिलं. त्यांच्या एका यंत्राचं नाव प्रतोदयंत्र. प्रतोद म्हणजे चाबूक. लोक त्याला चाबूकयंत्रही म्हणत. चाबकाच्या मुठीसारखी एक काठी. तिला बाजू पाडलेल्या. प्रत्येक बाजू वर्षातल्या ठरावीक दिवसांची, कारण सावली महिन्यागणिक बदलते, हे मी मघाशी सांगितलं. ज्या दिवसांची बाजू असेल, तिच्या वरच्या टोकाला आडवी खुंटी खोचायची. काठी सरळ लोंबती धरायची आणि खुंटीचं तोंड सूर्याकडे करायचं. खुंटीची सावली काठीवर खाली पडते. सकाळी सूर्य खाली असतो तेव्हा सावली आखूड, सूर्य वर चढेल तशी ती खाली लांबत जाते. काठीवरच्या रेघांपैकी कुठल्या रेघेपर्यंत ती पोचली, त्यावरून दिवस उगवून किती घटका झाल्या ते कळतं. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं, दिवसरात्रीच्या साठ घटका. याच तऱ्हेची काठी युरोपातही होती आणि तिथे तिला मेंढपाळाचं घड्याळ म्हणत. जयपूरला राजा सवाई जयसिंगानं बांधलेलं सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंच आहे, ते बघायला लोक तिकीट काढून जातात. पण प्रवासात, घोड्यावर, रानात कामाला येणारं यंत्र म्हणजे ही हातातली काठी.

गणेश दैवज्ञांच्या आईचं नाव आपल्याला माहीत आहे. लक्ष्मी. भास्कराचार्यांच्या घराण्यातल्या एकाही बाईचं नाव त्या दगडावर नाही, पण या लक्ष्मीचं नाव पाचशे वर्षं टिकलं. ते टिकलं कारण ते कुणीतरी लिहिलं. एवढंच कारण. तिनं काय केलं, ती कशी होती, आपल्याला ठाऊक नाही. पण तेरा वर्षांचा मुलगा ग्रहांचं गणित मांडत बसला, तेव्हा त्याच्या दिव्यात तेल कुणी घातलं असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दीक्षितांकडे परत येते. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी सायन पंचांगाचं काम केलं. रॉबर्ट सेवेल या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर हिंदुस्थानच्या कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, तोही १८९६ चाच. आणि १८९८ साली ते गेले. पंचेचाळिशीही गाठली नव्हती. मोठा ग्रंथ छापून दोनच वर्षं झाली होती. तो ग्रंथ पुढे हिंदीत आणि इंग्रजीत गेला. मराठीत लिहिलेल्या पुस्तकावरून देशभरचे अभ्यासक शिकले. आणि हा माणूस एके काळी आपल्या ठाण्यात मराठी शाळेत मुलांना शिकवत होता! दीक्षितांचं स्वतःचं चरित्र आपल्याला कसं कळलं? इतरांची चरित्रं शोधताना त्यांनी आपलीही थोडक्यात माहिती पुस्तकात देऊन ठेवली. पुढच्या माणसाला शोधत फिरायला लागू नये म्हणून.

आता, हे सगळं मी तुम्हाला का सांगितलं? तीन कामं सांगते. पैसे लागणार नाहीत.

पहिलं काम अंगणातलं, मुलांना बरोबर घेऊन करा. अंगण सारवून सपाट करा. मधोमध हातभर सरळ काठी रोवा. ओळंबा लावून बघा, काठी तिरकी नको. दोरी बांधून काठीभोवती गोल काढा, तो काठीच्या लांबीएवढा किंवा थोडा मोठा घ्या. सकाळी सावली लांब असते, गोलाबाहेर जाते. ती आखडत येऊन तिचं टोक बरोबर गोलावर येईल तिथे खडा ठेवा. ही जागा पश्चिमेकडची. दुपारनंतर सावली परत वाढत जाईल, टोक पुन्हा गोलावर येईल तिथे दुसरा खडा. ही पूर्वेकडची. दोन खडे दोरीनं जोडा, ती पूर्व-पश्चिम रेघ. त्या रेघेच्या बरोबर मध्यातून काठीकडे जाणारी रेघ काढा, ती उत्तर-दक्षिण. रोज सावली या उत्तर-दक्षिण रेघेवर आली की तुमच्या गावात मध्यान्ह झाली. तेव्हा मोबाईलमध्ये किती वाजले ते वहीत लिहा. महिनाभर लिहिलंत तर मी मघाशी सांगितलेला फरक तुम्हाला स्वतःला दिसेल. आणि मे महिन्याच्या मध्याला, साधारण सोळा तारखेच्या आसपास, आपल्या भागात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी भर मध्यान्ही सरळ काठीची सावली नाहीशी होते. एरवी उन्हाला शिव्या घालतो, त्या दिवशी दोन मिनिटं बाहेर येऊन बघा. फक्त सूर्याकडे डोळे लावून बघायचं नाही. मुलांना हे आधीच बजावून ठेवा, नजर जमिनीवर ठेवायची.

दुसरं काम, माळ्यावरचं. तुमच्या घरात जुनी पोथी, चोपडी, हिशेबाची वही, जुनं पंचांग असेल, तर ते पाण्यात सोडू नका, रद्दीत देऊ नका. आधी शेवटचं पान उघडा. मोडी असेल, वाचता येणार नाही, तरी मोबाईलवर फोटो काढा. पहिलं पान, शेवटचं पान आणि चित्रं असलेली पानं. मग वाचनालयात नाहीतर शाळेतल्या गुरुजींना, बाईंना दाखवा. देवाची वस्तू आहे, घरात फाटकी ठेवू नये, असं घरचे म्हणतील. सासूबाई मलाही म्हणाल्या होत्या, त्यांची भावना खोटी नव्हती. पण त्यांना सांगा की आपल्या पूर्वजाचं नाव त्यात आहे, ते वाचून घेऊ, मग ठरवू. मी हे सांगू शकले नाही. त्या पोथीच्या शेवटच्या पानावर कुठलं गाव होतं, हे आठवायचा मी कितीदा प्रयत्न केला. खाडीपुलावरून जाताना अजून करते. आठवत नाही.

तिसरं काम, तुमच्या बचत गटाच्या वहीचं. मी काही गटांची इतिवृत्ताची वही पाहिली आहे. हजेरीत लिहिलेलं असतं, सौ. पाटील, सौ. भोईर, सौ. म्हात्रे. एका गटात चार सौ. पाटील! पन्नास वर्षांनी तुमची नात ती वही उघडेल, तेव्हा तिला तिची आजी कुठली ते कसं कळणार? म्हणून वर्षातून एकदा, वहीच्या शेवटच्या पानावर, प्रत्येकीचं पूर्ण नाव लिहा. स्वतःचं नाव, आईचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, जन्माचं साल माहीत असेल तर ते, आणि तिला काय येतं ते. कुणाला बाळंतपणातला पाला माहीत आहे, कुणाला वारली चित्रं येतात, कुणाला नाचणीच्या बियाण्याची पारख आहे, कुणाला अजून सावलीवरून वेळ सांगता येते. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचं नाव लावायचा नियम झाला आहे. पण त्याआधी जन्मलेल्या आपल्या सगळ्या जणींच्या आयांचं काय? ते काम आपणच करायचं.

आणि गावात एखादी म्हातारी असेल जी पावलांवर घटका सांगते, तर तिच्याकडे याच आठवड्यात जा. कार्तिकात किती पावलं, चैत्रात किती, ते तिच्या तोंडून ऐका आणि तिच्या नावासकट लिहा. पुढच्या महिन्यात जाऊ असं म्हणू नका. मीही तसंच म्हणत राहिले होते.

तुमच्या वहीतली ती शेवटची पानं आम्हाला या कार्यक्रमात वाचून दाखवा, आम्हाला आनंद होईल. बराच वेळ बोलले. सावली कलली असेल, गुरं यायची वेळ झाली असेल. येते मी. नमस्कार.